हेल्थ बार नसलेली कुस्ती: खिशातल्या कन्सोलवर प्रो रेसलिंग कसं मावलं

टीव्हीवरची ती कुस्ती खरी की खोटी, हा वाद आपल्याकडे घरोघरी होऊन गेलेला आहे. उत्तर आता बहुतेकांना ठाऊक असतं. प्रो रेसलिंगमध्ये कोण जिंकणार हे आधी ठरतं. पडणं खरं असतं, दमणं खरं असतं, दुखापती तर अगदी खऱ्या असतात, पण निकाल प्रमोटरने, म्हणजे सामने भरवणाऱ्याने, लिहिलेला असतो. मुंबईत दारासिंग आणि किंग काँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना गर्दी करणाऱ्या पिढीपासून ते केबलवर अंडरटेकर बघत वाढलेल्या पिढीपर्यंत लाखो लोकांनी हा प्रकार आवडीने पाहिला. पुढेपुढे तर निकाल ठरलेला असतो हे पक्कं माहीत असूनही पाहिला. कारण कोण जिंकतं यापेक्षा ते कसं जिंकतं, यात खरी गंमत आहे.

आता याच गोष्टीवर व्हिडिओ गेम बनवायचा म्हटलं की पंचाईत होते. गेम म्हणजे स्पर्धा. तुमच्या हातात कंट्रोलर, माझ्या हातात कंट्रोलर, आणि दोघांनाही जिंकायचंय. मी कशाला मुद्दाम मार खाऊ? मी कशाला तुम्हाला पहिली दहा मिनिटं वरचढ होऊ देऊ, म्हणजे शेवटी माझं उसळून उठणं रंगेल? खऱ्या रिंगणात दोन रेसलर मिळून एक सामना ‘घडवतात’. गेममध्ये दोन खेळाडू एकमेकांचा सामना बिघडवायला बसलेले असतात. ही अडचण मोठ्या टीव्हीला जोडलेल्या कन्सोललाही आहे. हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रावर तर तिच्या जोडीला बारीकसा पडदा, मोजकी बटणं आणि जेमतेम मेमरी आली.

या अडचणीचं मला माहीत असलेलं सर्वांत समजूतदार उत्तर 2001 साली एका जपानी कार्ट्रिजमध्ये आलं. गेमचं नाव ‘फायर प्रो रेसलिंग’, आणि यंत्र निन्टेंडोचं गेम बॉय ॲडव्हान्स.

त्याआधी काय होतं ते थोडक्यात पाहू. 1991 साली मूळ गेम बॉयवर ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ सुपरस्टार्स’ आला. ब्रिटनच्या ‘रेअर’ कंपनीने तो बनवला होता. रेसलर एकूण पाच: हल्क होगन, अल्टिमेट वॉरियर, रँडी सॅव्हेज, टेड डिबियासी आणि मिस्टर परफेक्ट. पडदा 160 बाय 144 ठिपक्यांचा, रंग म्हणजे एकाच हिरवट रंगाच्या चार छटा, आणि मारायला बटणं दोन. एवढ्यात होगन होगनसारखा दिसला, हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. पण आतून तो मारामारीचाच गेम होता. समोरच्याची ताकद संपवा, पाडा, पिन करा (म्हणजे रेफरी तीन मोजेपर्यंत त्याचे खांदे जमिनीला टेकवून धरा). सामना चढत जातो, दोघांचा दम संपत येतो, प्रेक्षक उभे राहतात, असलं काही त्यात नव्हतं. त्यापुढची बरीच वर्षं हातातल्या यंत्रांवरचे रेसलिंग गेम याच वाटेने गेले.

फायर प्रो मुळात टीव्ही कन्सोलचं लेकरू. 1989 साली ‘ह्यूमन’ नावाच्या जपानी कंपनीने पहिला भाग पीसी इंजिन या यंत्रासाठी काढला. ह्यूमन बंद पडल्यावर ‘स्पाइक’ या कंपनीने ही मालिका पुढे चालवली. 21 मार्च 2001 रोजी जपानमध्ये गेम बॉय ॲडव्हान्स विक्रीला आलं, त्याच दिवशी त्यासोबत फायर प्रोही आला. जूनमध्ये अमेरिकेत ते यंत्र पोहोचलं, तेव्हा गेमही इंग्रजी होऊन तिथे गेला. बारा वर्षं चाललेल्या या मालिकेचा रीतसर इंग्रजीत निघालेला तो पहिलाच भाग होता. तोवर जपानबाहेरचे शौकीन जपानी अक्षरं नुसती आकारावरून ओळखत तो खेळत.

जपान महत्त्वाचं आहे, कारण हा गेम ज्या रेसलिंगवर बेतलाय ते अमेरिकन टीव्हीवरचं नव्हे. जपानमध्ये 1972 साली दोन मोठ्या संस्था उभ्या राहिल्या: अँटोनिओ इनोकीची न्यू जपान आणि जायंट बाबाची ऑल जपान. नव्वदच्या दशकात ऑल जपानमध्ये मिसावा, कावाडा, कोबाशी यांनी सामना रचण्याची एक पद्धत शिखरावर नेली. सुरुवात साध्या पकडींनी, मग थोडे जड डाव, मग डोक्यावर आपटणारे सप्लेक्स (समोरच्याला उचलून मागे फेकण्याचे डाव), आणि प्रत्येक वेळी रेफरीचा हात तिसऱ्यांदा जमिनीला लागायच्या आत खांदा वर. ख्यालगायकीत विलंबितापासून द्रुतापर्यंत बंदिश जशी चढत जाते, तसा हा सामना चढायचा. पहिल्याच मिनिटाला सर्वांत भारी डाव टाकला, तर पुढच्या पंचवीस मिनिटांत करायचं काय? फायर प्रो बनवणाऱ्यांनी हा प्रश्न ऐकला आणि तो थेट गेमच्या नियमांत बसवला.

कसा, ते जवळून बघू.

बहुतेक मारामारीच्या गेममध्ये बटण दाबलं की ठोसा निघतो. फायर प्रोमध्ये तुमचा रेसलर चालत समोरच्याजवळ गेला की दोघं आपोआप एकमेकांना भिडतात. त्यासाठी बटण दाबावं लागत नाही. खांद्याला खांदा लागतो, पाय रोवले जातात, आणि त्या रोवण्याच्या बेताला एक इवलासा क्षण येतो. त्या क्षणी ज्याने बटण दाबलं, त्याचा डाव लागतो. आधी दाबलं तर गेलं, उशिरा दाबलं तरी गेलं. घाईघाईने बटण बडवत राहणारा माणूस इथे हटकून हरतो, कारण त्याचं पहिलंच दाबणं वेळेआधी पडलेलं असतं. दुसऱ्या गेममधून आलेली माणसं पहिल्या दिवशी इथे चीत होतात ती याचमुळे. अंगठा शांत ठेवायला शिकणं हीच फायर प्रोची पहिली तालीम.

दुसरा नियम डावांच्या वजनाचा. प्रत्येक रेसलरकडे हलके, मध्यम आणि जड असे तीन थर असतात, आणि बटणासोबत दिशा दाबली की त्या थरातला वेगळा डाव निघतो. वेळ अगदी अचूक साधली तरी ताज्यातवान्या प्रतिस्पर्ध्यावर जड डाव लागत नाही. तो सुटतो आणि उलट तुम्हालाच आपटतो. आधी हलक्या डावांनी त्याला झिजवायचं, मग मध्यम, आणि तो पुरता मऊ झाल्यावर जड. ‘सामना हळूहळू चढवा’ असं गेम कुठेही लिहून सांगत नाही. पण जिंकायचं असेल तर तुम्हाला तो तसाच चढवावा लागतो. खेळाडू आपल्या स्वार्थापोटी खेळतो आणि पडद्यावर आपोआप नीट रचलेला सामना उभा राहतो. एवढी साधी युक्ती एवढं काम करते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आणखी एक गोष्ट नुसतं बघून लक्षात येत नाही. ठोसा मारण्याचं चित्र एकट्याचं असतं: मारणारा हात फिरवतो, लागला तर समोरचा मागे झुकतो. सप्लेक्सचं चित्र दोघांचं मिळून असतं. एकाने कमरेतून वाकायचं, दुसऱ्याने त्याच वेळी पाय उचलायचे, दोघांनी एकाच ठिपक्यावर एकाच क्षणी पडायचं. म्हणून रेसलिंग गेममध्ये डाव लागला की तेवढ्यापुरते दोन्ही रेसलर खेळाडूंच्या हातून निघून जातात आणि आधी ठरलेल्या चित्रमालिकेत एकत्र बांधले जातात. डाव कोणाचा, हे ठरतं भिडण्याच्या त्या क्षणी. पुढचे दोन-तीन सेकंद दोघंही एकच नाच करतात. खऱ्या रिंगणातही असंच असतं. शंभर किलोचा माणूस डोक्यावर उचलला जातो, तेव्हा तो स्वतः उडी मारून वर जायला मदत करत असतो. नियम वेगळे असले तरी यंत्र आणि माणूस इथे एकाच जागी पोहोचले.

आता शीर्षकातली गोष्ट. फायर प्रोमध्ये पडद्यावर हेल्थ बार नाही. कोणाची किती ताकद उरली हे दाखवणारी पट्टी नाही, आकडा नाही. आतमध्ये हिशोब सगळा चालू असतो. दम किती उरला, एकूण मार किती बसला, शिवाय मान, हात, कंबर, पाय यांचं दुखणं वेगवेगळं मोजलं जातं. पण तुम्हाला दिसतं ते फक्त शरीर. तो उठायला वेळ लावतोय का? उठल्यावर पोक काढून उभा आहे का? पाय धरून लंगडतोय का? आपल्या रेसलरचा दम गेला तर बटण दाबून धरायचं, की तो जागेवर उभा राहून श्वास घेतो, आणि तेवढ्यात समोरच्याने गाठलं तर संपलं. त्यामुळे तुम्ही समोरच्याला वाचायला लागता. मैदानात बसलेला जुना जाणकार पैलवानाच्या पायांकडे बघून ‘आता हा फार टिकत नाही’ म्हणतो, तसंच.

छोट्या पडद्यावर याचा आणखी एक फायदा झाला. गेम बॉय ॲडव्हान्सचा पडदा 240 बाय 160 ठिपक्यांचा. त्यावर चार रेसलर, रेफरी आणि तिरप्या कोनातून दिसणारी अख्खी रिंग बसवायची. त्यात चार पट्ट्या, चार नावं आणि आकडे घातले असते तर कुस्तीला जागाच उरली नसती. रिंग तिरपी दाखवण्यामागेही हिशोब आहे. या यंत्रात त्रिमितीसाठी वेगळी सोय नव्हती. 16.78 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि सपाट चित्रं भराभर हलवण्याची ताकद, एवढंच हाताशी होतं. रिंग कोपऱ्यावर उभी केल्यासारखी दाखवली की सपाट चित्रांनाही खोली येते आणि दोऱ्यांवर जाऊन आपटणं चारही दिशांना करता येतं. मग रेसलरही सपाटच ठेवले, पण तुकड्यांतून घडवलेले. डोकं एक, धड एक, हात-पाय वेगळे, रंग वेगळे. यातूनच खेळाडूला स्वतःचा रेसलर बनवायची मुभा मिळाली.

(या यंत्राच्या पडद्याला मागून उजेड नव्हता. ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीशी बसूनच खेळावं लागे. ज्या प्रकाशात पुस्तक वाचता येईल, त्याच प्रकाशात हा गेम.)

स्वतःचा रेसलर बनवण्यातला सर्वांत खोल भाग म्हणजे त्याचं डोकं. चेहऱ्यामागचं डोकं म्हणतोय मी. कॉम्प्युटरने हा रेसलर चालवायचा तर कोणत्या वेळी काय करायचं, हे तुम्ही टक्क्यांत लिहून देता. समजा, समोरचा अजून ताजा आहे आणि दोघं भिडलेत. या परिस्थितीत तुमच्या रेसलरने 40 टक्के वेळा हातपकड, 35 टक्के वेळा डोकेपकड आणि 25 टक्के वेळा साधी फेक करावी. बेरीज शंभर झाली पाहिजे. गेम प्रत्येक वेळी एक ते शंभरमधला एक आकडा उचलतो. आकडा 1 ते 40 मध्ये आला तर हातपकड, 41 ते 75 मध्ये आला तर डोकेपकड, त्यापुढे फेक. समोरचा मध्यम झिजला की दुसरा तक्ता, पुरता झिजला की तिसरा. तो आडवा पडलाय, कोपऱ्यात अडकलाय, दोरीवरून धावत येतोय, अशा प्रत्येक वेळेसाठी वेगळा तक्ता.

नुसते आकडे वाटतात ना? पण यात माणूस बसतो. समोरचा आडवा पडल्यावर लगेच पिन करण्याचा टक्का कमी ठेवा आणि प्रेक्षकांकडे वळून हात पसरण्याचा वाढवा, की तुमचा रेसलर गर्विष्ठ झाला. शेवटच्या तक्त्यात एकाच डावाला 70 टक्के द्या, की तो हट्टी झाला: सुटला तरी पुन्हा तोच डाव, पुन्हा तोच. सुरुवातीच्या तक्त्यात लाथा भरा, की तो तापट. प्रत्येक रेसलरचा स्वभाव म्हणजे अखेरीस शक्यतांचा एक तक्ता, आणि दोन तक्ते रिंगणात सोडले की दर वेळी वेगळा पण ओळखू येणारा सामना घडतो. म्हणूनच फायर प्रोची कितीतरी भक्तमंडळी गेम स्वतः खेळतच नाहीत. दोन्ही बाजू कॉम्प्युटरकडे देतात आणि बघत बसतात. स्वतःच्या कल्पनेतल्या संस्था चालवतात, तिथल्या किताबांचा इतिहास वहीत लिहितात, आवडता रेसलर हरला तर निकाल बदलत नाहीत. जिथे निकाल ठरलेला असतो त्या खेळाचा गेम, आणि त्यात निकाल कोणीच ठरवत नाही. प्रो रेसलिंगवर जीव असलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं?

नावांचं मात्र बघायला हवं. जपानमधल्या आणि बाहेरच्या खऱ्या रेसलरांची नावं वापरायची तर प्रत्येकाची परवानगी आणि पैसे लागतात. फायर प्रोने पळवाट काढली: चेहरा, पोशाख, डाव हुबेहूब, नाव भलतंच. मालिकेत इनोकीची प्रतिकृती ‘व्हिक्टरी मुसाशी’ या नावाने वावरायची. नाव बदलायची सोय गेममध्येच असल्याने लोक बसून एकेक खरं नाव भरत. हातात यंत्र घेऊन बाण दाबत दाबत एकेक अक्षर निवडायचं, हे काम प्रेमाशिवाय होत नाही.

फायर प्रोचा गेम बॉय ॲडव्हान्सवरचा दुसरा भाग 2002 साली आला. त्यात संस्था चालवण्याचीही सोय होती: रेसलर नेमा, सामने ठरवा, तिकिटं विका. रिंगणाबाहेरचं हे राजकारणसुद्धा रेसलिंगचाच भाग आहे, हे बाकीच्या मोठ्या गेमांच्याही लक्षात येत होतंच. 2005 मध्ये आलेल्या ‘स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ 2006’मध्ये जनरल मॅनेजर होऊन शो चालवता येत असे, आणि तो गेम सोनीच्या पीएसपी या हातातल्या यंत्रावरही होता. तिथे त्रिमिती होती, खरी नावं होती, प्रवेशाचं संगीत होतं. पण प्रत्येक सामन्याआधी लोडिंगची वाट बघावी लागे. बसस्टॉपवर दहा मिनिटं मोकळी असणाऱ्यासाठी जुनं कार्ट्रिजच बरं होतं.

मग फोन आले, आणि बटणंच गेली. वेळ साधण्यावर उभा असलेला खेळ काचेवर आणणं अवघड आहे. खऱ्या बटणावर अंगठा टेकवून वाट बघता येते. काचेवर टेकवला की ते दाबणंच होतं. शिवाय अंगठा पडद्याचा एक कोपरा झाकतो. मोठ्या कंपन्यांनी मग अडचण सोडवण्याऐवजी टाळली. 2014 सालच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूई सुपरकार्ड’मध्ये कुस्ती नाहीच, रेसलरांचे पत्ते आहेत आणि त्यांवरच्या आकड्यांची तुलना. शाळेच्या मधल्या सुट्टीत ज्यांनी रेसलरांची ट्रम्प कार्ड खेळलीत, उंची, वजन, बायसेप्स, रँक अशी, त्यांना तो समजावून सांगायची गरज पडणार नाही. 2017 साली आलेला ‘डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन्स’ तर रंगीत मणी जुळवण्याचा खेळ आहे. मणी जुळले की वर रेसलर डाव टाकतात. दोन्ही गेम वाईट नाहीत, पण ते रेसलिंगवरचे नाहीत, रेसलरांवरचे आहेत.

फोनवर खरी कुस्ती आणली ती एका माणसाने. मॅट डिकी हा ब्रिटिश गेमकर्ता एकट्याने गेम बनवतो. 2012 साली त्याने ‘रेसलिंग रेव्होल्यूशन’ काढला आणि पुढे त्याचा त्रिमितीतला भाऊ. चित्रं ओबडधोबड, माणसं लाकडी ठोकळ्यांसारखी. पण गेम फुकट, साध्यासुध्या फोनवर चालणारा, इंटरनेट नसलं तरी खेळता येणारा. म्हणूनच तो आपल्याकडच्या पोरांच्या फोनमध्ये इतका दिसला. उजवीकडे पाच अक्षरं: ए म्हणजे मार, जी म्हणजे पकड, आर म्हणजे धाव, पी म्हणजे वस्तू उचल, टी म्हणजे खिजव किंवा पिन. खुर्ची उचलून फेकली की ती तिसऱ्यालाच लागते, तो चिडून सामन्यात घुसतो, रेफरी आडवा होतो, आणि पाहता पाहता दहा माणसं रिंगणात असतात. फायर प्रोची शिस्त इथे औषधालाही नाही.

तरीही त्याला मूळ अडचण बरोबर कळली होती. गेममध्ये दोन वाटा आहेत. एकीत तुम्ही रेसलर असता, जिंकत जिंकत वर चढता. दुसरीत तुम्ही प्रमोटर असता. कोणाची लढत कोणाशी, हे तुम्ही ठरवता, आणि तुमची कमाई ठरते सामना किती रंगला यावर. तिथे कोण जिंकलं याला फारशी किंमत उरत नाही. दोन मिनिटांत एकतर्फी संपलेला सामना प्रमोटरच्या डोक्याला ताप असतो. मग तुम्ही हातातल्या रेसलरला मुद्दाम मार खाऊ देता, समोरच्याला उठायला वेळ देता, पिन लवकर करत नाही. फायर प्रोने जे नियमांच्या दाबाने करून घेतलं, ते इथे खेळाडू समजून उमजून करतो, आणि खऱ्या रेसलरचं रोजचं कामही तेच आहे.

आज फायर प्रोचा नवा भाग, 2017 पासूनचा ‘फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड’, कॉम्प्युटरवर आणि टीव्ही कन्सोलवर मिळतो, आणि जगभरातल्या लोकांनी घडवलेले हजारो रेसलर त्यात उतरवून घेता येतात. सुरुवात तिथून केलीत किंवा कोणाकडे जुनं कार्ट्रिज हाती लागलं, तर पहिल्या सामन्यात जड डावाच्या वाटेला जाऊच नका. फक्त हलके डाव वापरा, भिडल्यावर पायांकडे बघा, आणि पाय रोवला की एकदाच दाबा.